दाव्याशेजारी दाखला: कपड्यांच्या संकेतस्थळांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात कपड्यांचा छोटा व्यवसाय करणाऱ्या आणि अशा व्यवसायांसाठी संकेतस्थळे घडवणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच होती. आपला कपडा माती, पाणी आणि माणसे यांची शक्य तितकी काळजी घेऊन तयार होतो, हे ग्राहकाला संकेतस्थळावर कसे दाखवावे, हाच सर्वांच्या विचारण्याचा गाभा असल्याने यावेळी सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी जालन्यात लहान मुलांचे सुती कपडे आणि कुर्ते शिवून ऑनलाइन विकतो. रुई मानवत व सेलू भागातल्या जिनिंगमधून जाते, सूत, कापड आणि रंगाई तामिळनाडूत होते, शिलाई आमच्याकडे. काही कापूस प्रमाणित सेंद्रिय आहे, सगळा नाही. वेबसाइट करून देणाऱ्यांनी ‘शाश्वतता’ नावाचे स्वतंत्र पान सुचवले आहे. त्यावर हिरव्या पानांची नक्षी, शेतकऱ्याचा फोटो आणि ‘नाते मातीशी’ असे वाक्य असेल. आम्हाला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय हवे हेही नेमके सांगता येत नाही. — एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : न पटण्याचे कारण साधे आहे. तो मजकूर उचलून दुसऱ्या कोणत्याही कपड्याच्या दुकानाच्या संकेतस्थळावर लावला, तर त्यात एक अक्षरही बदलावे लागणार नाही. शिवाय तो आता कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचा ठरू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’, ‘नैसर्गिक’, ‘ऑरगॅनिक’ असे मोघम शब्द पुरेसे स्पष्टीकरण आणि आधार दिल्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूविषयी आहे, तिच्या एखाद्या भागाविषयी आहे की केवळ वेष्टनाविषयी, हे सांगावे लागते. आणि दिशाभूल करणारी चिन्हे व चित्रेही या तत्त्वांच्या कक्षेत येतात. त्यामुळे हिरव्या पानांची नक्षी आता निव्वळ सजावट राहिलेली नाही. माझे मत विचाराल, तर तो रंगच काही वर्षे सर्वांनी बाजूला ठेवावा.

संकेतस्थळ घडवणाऱ्यांकडे परत जाण्याआधी चौघींनी एक वही घेऊन बसावे. वेचणी, जिनिंग, सूतकताई, विणाई, रंगाई, शिलाई, पॅकिंग आणि पाठवणी हे टप्पे एकाखाली एक लिहून, तो टप्पा कुठे होतो, कोण करते, त्याविषयी आपल्याला नक्की काय ठाऊक आहे आणि ते सिद्ध करणारा कोणता कागद आपल्या फायलीत आहे, एवढे प्रत्येकासमोर लिहावे. शेवटचा रकाना जिथे रिकामा राहील तिथे दावाही करायचा नाही. पानाचा आराखडा या वहीतूनच निघेल. रंग, अक्षरे आणि मांडणी यांचा विचार त्यानंतरचा.

वहीतल्या जिनिंगच्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण आपल्या भागातल्या कापसाची ओळख बहुतेक वेळा तिथेच पुसली जाते. मोंढ्यातून किंवा खेडा खरेदीतून आलेल्या गाड्या जिनिंगच्या आवारात रिकाम्या होतात तेव्हा दहा गावांचा कापूस एकाच गंजीत जातो. तिथून तो रोलरवर येऊन रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधली जाते आणि तिच्यावर जिनिंगची खूण व क्रमांक पडतो. त्या क्रमांकावरून गाठ कोणत्या जिनिंगची आणि कोणत्या लॉटची हे कळते, पण ती कोणाच्या शेतातली हे कळत नाही. म्हणून ‘हा कुर्ता अमुक शेतकऱ्याच्या कापसाचा आहे’ असे लिहायचे असेल, तर त्या कापसाची गंजी वेगळी लावली होती, त्याआधी यंत्रे साफ केली होती, लॉट वेगळा बांधला होता आणि पुढे सूतगिरणीनेही तो वेगळाच चालवला होता, इतके सगळे दाखवता आले पाहिजे. तसे नसेल तर ‘मानवत व सेलू परिसरातील जिनिंगमधील रुई’ एवढेच खरे आहे, आणि तेवढेच लिहिण्यात काही कमीपणा नाही.

आपल्याकडच्या ग्राहकांत कापसाच्या घरातले लोक भरपूर आहेत, तेव्हा कोणीतरी हिशेब मांडणारच, हे धरून चाला. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे पाच क्विंटल कापसाची जेमतेम एक गाठ होते. एका कुर्त्याला पाव किलो कापड धरले आणि कताई, विणाई व कापणीतली घट अजिबात धरली नाही, तरी त्या गाठीतून ६८० च्या वर कुर्ते होत नाहीत. प्रत्यक्षात बरेच कमी होतात. वर्षभरात प्रमाणित सेंद्रिय कापूस किती घेतला आणि त्यातून किती कपडे झाले, या दोन संख्या पानावर शेजारी शेजारी द्या. छोट्या ब्रँडला देता येईल असा याहून वजनदार आकडा मला दिसत नाही. २०२० साली ‘गॉट्स’ हे सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक चालवणाऱ्या संस्थेलाच भारतातील सुमारे २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेल्याचे आढळले होते, त्यामुळे जाणता खरेदीदार आता प्रमाणपत्राच्या नुसत्या फोटोवर समाधान मानत नाही.

प्रमाणपत्रांचे अर्थही पानावर साध्या मराठीत सांगावेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचा दाखला शेती सेंद्रिय पद्धतीची असल्याचे सांगतो. गॉट्स त्यापुढे जिनिंगपासून शिलाईपर्यंतची रसायने, सांडपाणी आणि कामगारांची स्थितीही पाहते. त्यात ‘ऑरगॅनिक’ लेबलासाठी किमान ९५ टक्के आणि ‘ऑरगॅनिक घटक वापरून केलेले’ अशा लेबलासाठी किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो. सूत प्रमाणित असले तरी पुढची साखळी प्रमाणित नसेल तर तयार कुर्त्यावर ते चिन्ह लावता येत नाही, ही गोष्ट अनेक छोट्या विक्रेत्यांना ठाऊक नसते. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० तयार कापडात घातक द्रव्ये मर्यादेबाहेर नाहीत एवढेच तपासते. कापूस कसा पिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि २००२ पासून बीटी कापूस आल्यावर आपल्याकडचे बहुतेक क्षेत्र त्याखाली गेले असताना, सेंद्रिय मानकांना मात्र जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. म्हणून ‘आमच्या शेतकऱ्याने कमी फवारले’ हे वाक्य खरे असले तरी त्याला सेंद्रिय म्हणता येत नाही. ते वाक्य तसेच्या तसे लिहा, कशाच्या तुलनेत कमी हेही लिहा आणि फवारणीच्या नोंदी जवळ ठेवा.

हे सगळे स्वतंत्र पानावर नेऊ नका, कारण कुर्ता घ्यायला आलेली व्यक्ती ‘शाश्वतता’ नावाच्या दारातून क्वचितच आत जाते. प्रत्येक कपड्याच्या पानावर किंमत आणि मापे यांच्या लगेच खाली ‘हा कपडा कसा झाला’ अशी एक पट्टी असावी, त्यात चार-पाच ओळी असाव्यात आणि प्रत्येक ओळीवर बोट टेकवले की तिचा दाखला तिथेच उघडावा. ओळी अशा असतील: ‘रुई: मानवत-सेलू परिसरातील जिनिंगमधील, प्रमाणित सेंद्रिय. रंगाई: तामिळनाडू; रंगाईघराने सांडपाणी प्रक्रियेचा दाखला दिला आहे. शिलाई: जालना, आमच्याच कार्यशाळेत. शेतकऱ्यापर्यंतचा माग: या लॉटसाठी उपलब्ध नाही.’ ही शेवटची ओळ वगळण्याचा मोह होईल, पण तिच्यामुळेच वरच्या ओळींवर विश्वास बसतो. जो कुर्ता सेंद्रिय कापसाचा नाही त्याच्या पानावरही हीच पट्टी त्याच जागी हवी. चांगल्या कपड्यांवर पट्टी आणि बाकीच्यांवर शांतता, असे केले तर ते लपवणेच झाले.

शेतकऱ्याच्या फोटोविषयी एक खुलासा. फोटो असावा, पण त्या माणसाला तो कुठे वापरला जाणार हे समजावून लेखी संमती घ्यावी आणि नंतर नको म्हटल्यास काढण्याची सोय ठेवावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. गट क्रमांक, मोबाइल नंबर किंवा शेताचे अचूक ठिकाण पानावर टाकू नये. आणि वेचणी बहुतांशी बायका करतात, किलोमागे मजुरी घेऊन, उन्हात ओटीत कापूस भरत. त्यांच्याविषयी ‘सक्षमीकरण’ असा शब्द लिहिण्यापेक्षा किलोचा दर काय दिला ते लिहा. दर लिहायला संकोच वाटत असेल, तर तो का वाटतो याचा विचार संकेतस्थळ सुरू होण्याआधी झालेला बरा.

पान तयार झाले की घरातल्या, या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि ‘हा कुर्ता कुठे रंगवला?’ एवढेच विचारा. अर्ध्या मिनिटात उत्तर सापडले नाही तर मांडणी चुकली आहे, मजकूर कितीही चांगला असो.

प्रश्न : मी नांदेडला वेब डिझाइन शिकतो. एका ब्रँडसाठी केलेल्या कामात पान खाली सरकवताच ‘तुम्ही २७०० लिटर पाणी वाचवले’ असा वाढत जाणारा आकडा ठेवला होता. शिक्षकांनी तो काढायला सांगितला, पण कारण सांगितले नाही. — एक विद्यार्थी

उत्तर : शिक्षकांचे बरोबर आहे, आणि कारण डिझाइनचे कमी, आकड्याचे जास्त आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागते, ही जगभर फिरणारी सरासरी आहे. अशा सरासरीत पावसाचे जमिनीत मुरलेले पाणीही मोजलेले असते. आपल्याकडचा कापूस बराचसा कोरडवाहू आहे. आभाळातून शेतावर पडलेले पाणी आणि कालव्यातून किंवा बोअरमधून उपसलेले पाणी यांना एकाच मापात घालून त्यातून ‘बचत’ काढणे म्हणजे ग्राहकाला चकवणे होय. शिवाय टी-शर्ट विकत घेऊन कोणी पाणी वाचवत नाही. तो विकत घेतलाच नसता तर काही वाचले असते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या वाचकासमोर हा आकडा नाचवताना हात थोडा जड व्हायला हवा.

अशाच कारणासाठी नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ साली कपड्यांचा पर्यावरणावरचा परिणाम मोजणाऱ्या ‘हिग’ निर्देशांकाच्या सरासरी माहितीवरून एखाद्या विशिष्ट कपड्याविषयी केलेले पर्यावरणीय दावे दिशाभूल करणारे ठरवले होते. सरासरी खोटी नसते, पण ती तुमच्या कपड्याची नसते.

पाण्याविषयी सांगायचेच असेल तर रंगाईघराकडे जा. तिथे पाणी मीटरने मोजता येते, एक किलो कापडामागे किती लिटर लागले हे विचारता येते आणि बाहेर काय सोडले जाते हेही विचारता येते. तिरुपूरच्या नोय्यल नदीत रंगाईघरांचे सांडपाणी जात असल्याच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने २०११ साली तिथली रंगाईघरे बंद करण्याचा आदेश दिला होता, कारण सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची सक्ती तिथे पाळली जात नव्हती. तुमच्या ब्रँडचे कापड जिथे रंगते तिथे अशी व्यवस्था आहे का, हा एक प्रश्न आणि त्याचे कागदोपत्री उत्तर, हलत्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. ते स्थिर अक्षरांत लिहावे. आकडा डोळ्यांसमोर वाढत गेला की तो मोजमाप न वाटता बक्षीस वाटू लागतो.

प्रश्न : आम्ही पैठणमध्ये हातमागावर पैठणी विणून घेतो, सोबत सुती दुपट्टेही विकतो. काही ग्राहक युरोपात आहेत. हातमागाला वीज लागत नाही, म्हणून संकेतस्थळावर ‘शून्य कार्बन’ लिहावे का? दुपट्ट्यांना ‘खादी’ म्हणावे का? — एक व्यावसायिक, पैठण

उत्तर : दोन्ही लिहू नयेत.

मागाला वीज लागत नाही हे खरे, आणि तेवढेच लिहावे: ‘विणाई हातमागावर, विजेशिवाय’. पण पैठणीचे रेशीम सहसा बंगळूरकडून येते, जरीची तार सुरतेहून. कोश उकळून रेशीम काढावे लागते, रंगाईला तापवलेले पाणी लागते आणि साडी विमानाने परदेशी जाते. या सगळ्यावर ‘शून्य’ हा शब्द टाकला की एका खऱ्या वाक्याचा बळी जातो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या ग्राहकविषयक निर्देशानुसार, इतरत्र झाडे लावून किंवा भरपाई विकत घेऊन एखादी वस्तू कार्बन-निरपेक्ष असल्याचे सांगण्यावर २७ सप्टेंबर २०२६ पासून बंदी लागू होते, तेव्हा त्या ग्राहकांच्या दृष्टीनेही हा शब्द टाळलेला बरा.

पैठणीबाबत सांगण्यासारखे तुमच्याकडे दुसरे पुष्कळ आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तो दाखला लावा. रेशीम खरे असल्याचा सिल्क मार्क आणि हातमागाचा हँडलूम मार्क असेल तर तेही. साडी विणायला किती दिवस लागले आणि कारागिराला त्याचे काय मिळाले हे लिहा. आणि ज्या गोष्टीकडे संकेतस्थळे हमखास दुर्लक्ष करतात ती म्हणजे साडीचे पुढचे आयुष्य. पैठणी आईकडून लेकीकडे जाते. घडी किती महिन्यांनी बदलावी, जरीची तार काळवंडू नये म्हणून साडी मलमलीत कशी गुंडाळावी, पदर उसवला तर रफू कुठे करून मिळेल, ही माहिती देणारे आणि जुनी साडी दुरुस्तीसाठी परत घेणारे पान पर्यावरणाविषयीच्या कोणत्याही निवेदनापेक्षा सरस ठरेल. ते तुमच्या कारागिरांनाच विचारून लिहा, कारण त्यांना ते तोंडपाठ असते.

‘खादी’ या शब्दाबाबत नियम स्पष्ट आहे. खादी मार्क विनियम २०१३ मध्ये आले असून खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या प्रमाणनाशिवाय कापड खादी म्हणून विकता येत नाही. सूत गिरणीचे असेल तर दुपट्टा ‘हातमागाचा सुती’ आहे, आणि हे नावही चांगलेच आहे.

प्रश्न : आमचे बहुतेक ग्राहक लातूर-धाराशिवकडचे, मोबाइलवर पाहणारे आहेत. मराठी पान हवे आहे, पण ते उघडायला वेळ लागतो आणि अक्षरे विचित्र दिसतात. — एक वाचक, औसा

उत्तर : अक्षरांचे कारण बहुधा एका ओळीत सापडेल. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण हिंदीची किंवा इंग्रजीची असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. तिथे मराठीची खूण टाकल्यास देवनागरीचे चांगले फॉन्ट आपले मराठी वळण दाखवतात. दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. फिकट करड्या अक्षरांची फॅशन सोडून द्यावी. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका फरक सांगितला आहे, आणि भर उन्हात मोबाइल पाहणाऱ्याला तो लागतोच.

वेळ लागण्याचे कारण बहुतेक आपोआप सुरू होणारा व्हिडिओ हेच असते. तो काढा, फोटो लहान करा, फॉन्टची एक-दोनच वजने ठेवा. मजकूर पोस्टरसारखा चित्रात भरू नका, कारण तो शोधता येत नाही, मोठा करता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. आणि मराठी मजकूर इंग्रजीवरून भाषांतरित करून घेऊ नका. रुई, गाठ, मांजरपाट, काठ, अस्तर हे शब्द तुमच्या शिंप्याच्या आणि जिनिंगवाल्याच्या तोंडी आहेत. ते लोक बोलतात तसे आधी मराठीत लिहा, इंग्रजी पान नंतर करा.

प्रश्न : आमच्या सूत पुरवठादाराच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि त्याने नूतनीकरण केले नाही. आधीच्या सुताचे कपडे अजून विकायचे आहेत. पानावरून चिन्ह काढावे का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : मुदतीचा दाखला साधारण वर्षभराचा असतो आणि तो त्या कारखान्याविषयी असतो, प्रत्यक्ष मालासाठी त्या त्या सौद्याचा व्यवहार दाखला वेगळा निघतो. मुदतीत झालेल्या सौद्याचा व्यवहार दाखला तुमच्याकडे असेल आणि पुढची साखळीही प्रमाणित असेल, तर त्या सुताच्या कपड्यांवरचा दावा टिकतो, नव्या सुताच्या कपड्यांवरचा टिकत नाही. त्यासाठी संकेतस्थळावर दाखले संपूर्ण ब्रँडला न जोडता लॉटला जोडलेले हवेत, म्हणजे जुना लॉट संपताच चिन्ह आपोआप उतरेल. प्रत्येक पट्टीखाली ती शेवटची कधी तपासली त्याची तारीख टाका, आणि दावा का काढला हे एका ओळीत, निदान तो लॉट विकला जाईपर्यंत, तिथेच राहू द्या. लेबले आधीच छापून ठेवली असतील, तर ती नव्या कपड्यांना लावण्याआधी बाजूला काढायला शिलाईवाल्यांना आजच सांगा.